झाडपाला, बुरशी आणि मी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंधुदुर्गातल्या एका कॉलेजात बॉटनी शिकवते, 26 वर्षं झाली. त्यातली बावीसेक वर्षं झाडांमधले आणि बुरशीमधले औषधी घटक शोधण्यात गेली. लग्नाच्या पंगतीत, एसटीत, व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांकडून, अगदी मासळी बाजारात बांगडे निवडत असताना सुद्धा मला तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं. पुढच्या वेळी नुसतं "वाच" म्हणेन.

तुम्ही डॉक्टर आहात ना? मग गोळी लिहून द्या की.

नाही हो. नावापुढे डॉ. आहे ते पीएचडीचं. आमच्या वाडीतल्या एक आजी दर शिमग्याला न चुकता विचारतात, "बाईनू, तुमी डॉक्टर मां? मगे माझो गुडघो बघा मां, जिनो चढाक जमना नाय." मी दरवर्षी तेच सांगते आणि त्यांना दरवर्षी वाटतं की मी मुद्दाम टाळतेय.

एवढ्या वर्षांत किती औषधं शोधून काढलीत?

एकही नाही. हे ऐकून समोरच्याचा चेहरा पडतो, मला सवय झालीय.

यात वेळ किती जातो ते सांगते. आपल्या नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी, मुंबई विद्यापीठातून शिकून अमेरिकेत गेले आणि तिथे मन्रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी कॅन्सरवरच्या दोन मोठ्या औषधांची मुळं शोधली. एक कॅम्प्टोथेसिन, एका चिनी झाडातून, 1966 साली. त्यातला मूळ पदार्थ पेशंटना सोसेना, सुरुवातीच्या चाचण्या थांबवाव्या लागल्या, मग बाकीच्यांनी त्यात फेरफार करून टोपोटेकान आणि इरिनोटेकान बनवली आणि ती अमेरिकेत मंजूर झाली 1996 ला. म्हणजे 30 वर्षं. दुसरं टॅक्सॉल. यू नावाच्या झाडाची साल गोळा केली 1962 ला, रेणूची रचना छापून आली 1971 ला, औषध म्हणून परवानगी 1992 ला. परत 30 वर्षं. आणि ही जिंकलेल्या घोड्यांची गोष्ट झाली, न जिंकलेले तर मोजतच नाही कोणी. आमच्यासारख्या कॉलेजातून फार तर या साखळीतली पहिली एक-दोन कडी होते, ती नीट झाली तरी खूप.

झाडातून औषध "काढतात" म्हणजे नक्की काय करता?

कंटाळवाणं आहे, आधीच सांगते. समजा पानं आणली. ती सावलीत वाळवायची, आणि जुलैत सिंधुदुर्गात सावलीत काही वाळत नाही, कपडे वाळत नाहीत तर पानं कुठून वाळणार, म्हणून ओव्हन 40 डिग्रीवर लावून दोन-तीन दिवस. मग मिक्सरला भुकटी. ती मिथेनॉलमध्ये भिजत घालायची, गाळायची, परत भिजत घालायची. रोटावेपवर मिथेनॉल उडवला की तळाला काळपट हिरवा चिकट गोळा राहतो, काकवीसारखा, वासाला निम्मा चहा निम्मा गवत. या गोळ्यात शेकडो पदार्थ एकत्र असतात.

मग तो गोळा बॅक्टेरियावर नाहीतर पेशींवर लावून बघायचा. काही परिणाम दिसला तर सिलिका जेलच्या कॉलममधून त्याचे भाग पाडायचे, प्रत्येक भागाची परत टेस्ट, ज्यात दम आहे त्याचे परत भाग, असं करत करत शेवटी एकच पदार्थ हातात येतो. 2 किलो वाळल्या पानांतून एकदा आम्हाला शेवटी 8 मिलिग्रॅम मिळाला होता, बाटलीच्या तळाला पिवळसर डाग. माझ्या विद्यार्थिनीने विचारलं मॅडम हे धुवायचं राहिलंय का.

आणि तो पदार्थ कुठला ते एनएमआरला, म्हणजे रेणूची रचना दाखवणाऱ्या मशीनला, पाठवून कळलं की दहापैकी नऊ वेळा तो जगाला चाळीस-पन्नास वर्षं आधीच माहीत असलेला निघतो. कित्येकदा तर सुरुवातीचा सगळा जोर टॅनिनचाच असतो. टॅनिन म्हणजे झाडातला तुरट पदार्थ, तो प्रोटीनला चिकटतो, कुठल्याही टेस्टमध्ये काहीतरी परिणाम दाखवतो. आता आम्ही टॅनिन आधीच काढून टाकतो, पण हे शिकायला माझी पहिली 3 वर्षं गेली आणि तेवढ्यात मी दोन कॉन्फरन्समध्ये छाती पुढे काढून पोस्टरही लावले होते.

वनस्पती ठीक आहे, मधेच बुरशी कशाला?

कारण निम्मी औषधं बुरशीने दिलीत असं म्हटलं तर फार चुकणार नाही, हा माझा अतिशयोक्तीचा आकडा आहे, पेपरात लिहू नका. पेनिसिलिन सगळ्यांना माहीत असतं. पण कोलेस्टेरॉलवरचं लोवास्टॅटिन ॲस्परजिलस टेरियस नावाच्या बुरशीतून आलं, किडनी बदलल्यावर जे सायक्लोस्पोरिन देतात तेही बुरशीतलंच. आणि माझी आवडती गोष्ट इटलीतल्या सार्डिनिया बेटाची. 1945 च्या सुमाराला ज्युसेप्पे ब्रोत्झू नावाच्या प्राध्यापकाने जिथे गावाचं गटार समुद्राला मिळतं तिथलं पाणी तपासलं आणि त्यातून एक बुरशी वेगळी केली. तिच्यापासून पुढे सेफॅलोस्पोरिन हे अँटिबायोटिक निघालं. आज मालवणच्या कुठल्याही मेडिकलमध्ये जी सेफिक्सिमची पाकिटं दिसतात ती त्याच घराण्यातली. गटाराच्या तोंडाशी! आमच्याकडे किनाऱ्यावर अशा जागा भरपूर आहेत, फक्त प्राध्यापक कमी पडतायत.

माझं स्वतःचं काम एंडोफाइट बुरशीवर आहे. म्हणजे झाडाच्या पानात, देठात, सालीच्या आत राहणारी बुरशी, झाडाला काही त्रास न देता. पान बाहेरून एकदम ठणठणीत दिसतं. ते आणायचं, नळाखाली धुवायचं, मग 70 टक्के अल्कोहोल, मग ब्लीच, मग तीनदा निर्जंतुक पाणी. बाहेरचं सगळं मेलं. मग ब्लेडने नखाएवढे तुकडे करून बटाट्याच्या सत्वाच्या प्लेटवर ठेवायचे आणि वाट बघायची. चौथ्या-पाचव्या दिवशी कापलेल्या कडेतून पांढरा कापसासारखा धागा बाहेर येतो, जास्वंदीच्या कळीवरच्या पांढऱ्या पिठ्या ढेकणासारखा. कडेतूनच यायला हवा, वरून आला तर तुमचं धुणं चुकलं. शेवटच्या धुण्याचं पाणी पण वेगळ्या प्लेटवर टाकायचं, त्यात काही उगवलं तर अख्खी बॅच बाद. विद्यार्थी ही पायरी हमखास विसरतात आणि मी हमखास ओरडते.

एकदा सापडलं की सापडलं, नाही का?

हा प्रश्न मला फार कमी जण विचारतात आणि खरं तर हाच विचारायला पाहिजे. सापडणं सोपं आहे हो. तेच परत सापडणं अवघड आहे. माझं अर्धं करिअर यातच गेलं.

उंडीचं उदाहरण घ्या. किनाऱ्यावरची ती चकचकीत जाड पानांची झाडं, जिच्या बियांचं कडू तेल पूर्वी दिव्याला आणि होड्यांना वापरायचे, अजून काही जण गुडघ्याला चोळतात. हिच्याच गोतातलं एक झाड मलेशियातल्या सारावाकमध्ये आहे, कॅलोफायलम लॅनिजेरम. 1987 साली अमेरिकन कॅन्सर संस्थेसाठी तिथून नमुना नेला, त्यात कॅलॅनोलाइड ए नावाचा पदार्थ निघाला जो एचआयव्हीला प्रयोगशाळेत रोखत होता. आनंदीआनंद. आणखी माल हवा म्हणून परत गेले तर ते झाड तोडलेलं! त्याच जातीची दुसरी झाडं तपासली तर त्यात तो पदार्थ जवळपास नाहीच. पुढे सिंगापूरच्या बोटॅनिक गार्डनमध्ये इंग्रजांच्या काळात लावलेली झाडं सापडली तेव्हा कुठे काम पुढे सरकलं, आणि मग तो पदार्थ लॅबमध्ये बनवायला शिकले. तरी औषध म्हणून दुकानात आजतागायत आलेला नाही.

बुरशीचं तर याहून वाईट. 1993 साली यू झाडातल्या बुरशीत टॅक्सॉल सापडलं तेव्हा सगळ्यांना वाटलं आता झाडं तोडायलाच नको, टाकीत बुरशी वाढवा झालं. मग 2005 मध्ये आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या झाडातल्या बुरशीत कॅम्प्टोथेसिन सापडल्याचं छापून आलं. पण या बुरशा लॅबमध्ये प्लेटवरून प्लेटवर घेत गेलं की बऱ्याचदा हळूहळू तो पदार्थ बनवायचं बंद करतात. माहेरी भाकऱ्या थापणारी मुलगी सासरी गेल्यावर मॅगीच करायला लागते तसं काहीसं. का, ते अजून पूर्ण उलगडलेलं नाही. झाडाच्या आत तिला जे काही मिळत होतं ते बटाट्याच्या प्लेटवर मिळत नाही, एवढं नक्की.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी पहिले सहा महिने मशीनला हात लावू देत नाही. वही. झाड कुठलं, कुठल्या वाडीतलं, जीपीएस काय, तारीख काय, फुलावर होतं का, पान कोवळं की जून, कोणत्या बाजूच्या फांदीचं. आणि फांदी दाबून हर्बेरियम शीट करायची, नंबर द्यायचा. कुडा आणला म्हणून एकाने मला साल दिली, तीन महिने काम केलं, मग पावसाआधी फुलं आली तेव्हा कळलं की तो पांढरा कुडा नाहीच, काळा कुडा आहे. वेगळी जात, वेगळी रसायनं. शीट नव्हती, त्यामुळे तीन महिने पाण्यात.

सगळ्यात मोठं नुकसान कुठलं झालं?

तौक्ते. मे 2021. तोपर्यंत 143 बुरशा जमवल्या होत्या, ग्लिसरॉलमध्ये घालून फ्रीझरला उणे वीसवर. रविवारी वादळ आलं, लाईट गेली ती आमच्या भागात सहा दिवस आलीच नाही, खांबच झोपले होते सगळे. इन्व्हर्टर चार तास टिकला. जनरेटर होता पण त्याची बॅटरी उतरलेली, आणि लॉकडाऊनमुळे डिझेल आणायला कोण जाणार. मी आणि आमचे लॅब अटेंडंट बर्फाच्या फॅक्टरीत गेलो, तर त्यांचीही लाईट गेलेली, बर्फ पाणी होऊन वाहत होता आणि मालक दारात डोक्याला हात लावून बसलेला. परत आलो. सहाव्या दिवशी फ्रीझर उघडला तेव्हा आलेला वास मी सांगत नाही.

61 वाचल्या. गेलेल्यांत एक होती, उंडीच्या पानातली, नंबर उं-17. दिसायला काही खास नाही, राखाडी, हळू वाढणारी. पण स्टॅफिलोकॉकस या बॅक्टेरियाच्या प्लेटवर तिच्या भोवती स्वच्छ गोल पडायचा, म्हणजे तेवढ्यात बॅक्टेरिया वाढायचेच नाहीत, आणि तो टॅनिनचा नव्हता, ते मी आता ओळखते. पदार्थ वेगळा करायला घेतलेलाच होता. कॉपी दुसऱ्या संस्थेत ठेवायला हवी होती, पुण्याला आघारकर संस्थेत बुरशींचं राष्ट्रीय संकलन आहे, फॉर्म भरून माझ्या टेबलावर पडला होता, सही माझीच राहिली होती. यात वादळाचा दोष निम्माच.

नरक्या आमच्या जमिनीत आहे. घ्यायला माणूस आलाय. विकू का?

आधी वनखात्याला विचारा, मग त्या माणसाला विचारा की त्याच्याकडे कुठली कागदं आहेत. बहुतेक वेळा दुसरा प्रश्न विचारल्यावर माणूस परत येत नाही.

नरक्या म्हणजे नोथापोडायटिस निम्मोनियाना, घाटमाथ्याला आणि आंबोलीच्या बाजूला होतो. वास घाण म्हणून हे नाव. त्यात कॅम्प्टोथेसिन आहे हे 1972 मध्ये कळलं आणि तेव्हापासून या बिचाऱ्या झाडाची साडेसाती सुरू झाली. सह्याद्रीत त्याची चोरटी तोड बरीच झाली. मुळासकट उपटून, तुकडे करून पोत्यात. झाड हळू वाढतं, तोडायला अर्धा तास पुरतो.

आमच्या आजीचं औषध शंभर टक्के लागू पडतं. तपासून द्याल?

आजीवर माझा विश्वास आहे, शंभर टक्क्यांवर नाही.

आजीचं ऐकून खरंच मोठी कामं झालीत. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील, सर्पगंधा ब्लड प्रेशरवर चालते हे त्यांनी पेशंटच्या नोंदी ठेवून 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं, मग 1952 मध्ये त्यातलं रेसर्पिन वेगळं झालं. चीनच्या तू योयो यांना 2015 चं नोबेल मिळालं ते मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनसाठी, आणि त्यांची गाडी अडली होती काढ्यापाशीच. उकळून काढलेला अर्क धड चालेना. जुन्या पोथीत लिहिलं होतं की झाडपाला पाण्यात भिजवून पिळून रस घ्यावा, उकळावा असं नव्हतंच! मग त्यांनी कमी तापमानाला ईथरने अर्क काढला आणि चाललं. म्हणून मी आजीला विचारते तेव्हा "कुठलं झाड" एवढंच विचारत नाही. कधी तोडता, ओलं की सुकं, दगडावर उगाळता की उकळता, कशाबरोबर देता, किती दिवस. एक आजी सालीचा वरचा पापुद्रा काढून टाकायच्या. का विचारलं तर म्हणाल्या, "तो ठेवलो तर पोटात कळ मारता." हे त्यांनी नंतर सहज सांगितलं, पहिल्या वेळी सांगितलेल्या कृतीत नव्हतं.

आता कायद्याचं. 2002 चा जैवविविधता कायदा आहे, प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि गावाचं नोंदणी पुस्तकही. आजीचं ज्ञान मी उचलून माझ्या नावाने पेटंट घ्यायचं हे चालत नाही. हळदीचं आठवत असेल, जखमेवर हळद लावायचं पेटंट अमेरिकेत 1995 ला दिलं होतं, आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने, म्हणजे मूळच्या माशेलच्या डॉ. माशेलकरांच्या टीमने, पुरावे देऊन ते 1997 ला रद्द करायला लावलं. तर कृती मला सांगा, पण आधी समितीत नोंद करा. मला सांगितल्यावर नाही, आधी.

नैसर्गिक आहे म्हणजे साइड इफेक्ट नाहीत ना?

खाडीकाठच्या गेव्याचा चीक डोळ्यात गेला तर काही काळ दिसायचं बंद होतं. पूर्ण नैसर्गिक आहे. कोकमाच्या गोतातल्या फळाच्या अर्काच्या वजन कमी करायच्या गोळ्या मिळतात, त्या घेणाऱ्यांमध्ये लिव्हर बिघडल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात. सोलकढी बिनधास्त प्या, ती वेगळी गोष्ट. आणि सप्तरंगीचं मूळ डायबेटिसवर घेता ना, त्याच्या भाऊबंदातून जपानी लोकांनी साखर पचवणाऱ्या एन्झाइमला अडवणारा पदार्थ खरंच काढलाय, म्हणूनच सांगते, गोळ्या चालू असताना डॉक्टरांना न सांगता ते घेऊ नका. ज्याचा परिणाम होतो त्याचा दुष्परिणामही होऊ शकतो.

अळंबीचा फोटो पाठवलाय, खाऊ का?

नाही. फोटोवरून मी कधीच हो म्हणणार नाही, दहा वेळा पाठवलात तरी. चांदीचं नाणं काळं पडलं तर विषारी वगैरे सगळं खोटं आहे. काही विषारी अळंब्यांत खाल्ल्यावर सहा ते चोवीस तास काहीच होत नाही, आणि उलट्या लागेपर्यंत लिव्हरचं नुकसान सुरू झालेलं असतं. वारुळावर पावसात येते ती आपली नेहमीची अळंबी, टर्मिटोमायसिस, ती ओळखणाऱ्या बाईकडूनच घ्या. तिची शेती का करत नाही असंही विचारतात, तर ती वाळवीच्या भागीदारीशिवाय उगवत नाही. वाळवी पाळायची तयारी असेल तर बोला.

कांदळवनात चिखलात काय करत असता?

घसरत असते. तिवर, कांदळ, चिपी, मारांडी यांच्या पानांतल्या बुरशा खारटपणात जगतात त्यामुळे काही वेगळं बनवत असतील ही आशा. कष्ट जास्त, मिठामुळे मशीनवर अर्क चालवणं हा वैताग. परवानगीशिवाय पान तोडू नका, कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे आणि त्यासाठी 2012 पासून वेगळा कांदळवन कक्षच आहे.

व्हॉट्सॲपवर आलंय की अमुक पानाने कॅन्सरच्या पेशी मरतात.

प्लेटमधल्या पेशी फिनेलनेही मरतात.

मुलीला या लाईनला यायचंय. येऊ दे का?

येऊ दे, पण डोळे उघडे ठेवून. बीएस्सीला बॉटनी किंवा मायक्रो घेतली तरी केमिस्ट्री सोडू नको म्हणावं, आमच्याकडे निम्मी मुलं इथेच गळतात. एमएस्सी, मग नेट किंवा सेट, जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर पीएचडीला घरून पैसे मागावे लागत नाहीत. प्राध्यापक झाली तर सुरुवातीला आठवड्याला 16 तास शिकवणं आणि वर नॅकची कॉलेज तपासणी, परीक्षा, इलेक्शन ड्युटी, रिसर्च उरलेल्या वेळात, म्हणजे शनिवार दुपार आणि मे महिना. मशीन छोट्या कॉलेजात नसतात. आम्ही एनएमआरचे नमुने बाहेर पाठवतो आणि थांबतो. मशीनपाशी बसलेला माणूस आपल्याला ओळखत असला तर थोडं कमी थांबतो. ज्यांना शिकवायचं नाही त्या मुली लोटे परशुरामच्या कंपन्यांत क्वालिटी कंट्रोलला जातात, माझ्या तिघी विद्यार्थिनी तिथे आहेत आणि माझ्यापेक्षा वेळेवर घरी पोचतात.

आणि पानं वाळायची वाट बघायचा कंटाळा येत असेल तर नकोच.

रिटायरमेंटला किती वर्षं राहिली? मग काय करणार?

सहा. उं-17 परत मिळवायचीय. वहीत सगळं आहे, झाड कुठलं, समुद्राकडची फांदी, 12 ऑक्टोबर, जून पान, देठापासून तिसरं. झाड वादळात तिरकं झालं पण उभं आहे. दरवर्षी ऑक्टोबरात त्याच झाडाची पानं आणते. चार वेळा वेगळ्याच बुरशा आल्या, गेल्या वर्षी एक राखाडी आली, हळू वाढणारी, आम्ही दोघीतिघी प्लेटभोवती जमलो, आणि स्टॅफवर लावली तर गोल पडलाच नाही. तिला उं-88 नंबर दिलाय. तीही ठेवलीय, आता तीन ठिकाणी.

या शनिवारी परत जायचंय. खाडी उतरून जावं लागतं, त्यामुळे ओहोटी बघूनच निघणार. कोणाला यायचं असेल तर जुन्या चपला घाला.